सगळ्यांना सापडेपर्यंत

सन्माननीय अध्यक्षमहोदय, ज्यांनी वाचनालयाचं हे सभागृह आम्हाला आनंदाने आणि पंख्यांसह दिलं. व्यासपीठावर विराजमान असलेल्या आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे आम्हा सर्वांच्या सिस्टर. त्यांच्या शेजारी बसलेले त्यांचे चिरंजीव. आमच्या डबाशोध मंडळाचे सभासद. या सभासदांना दर रविवारी सकाळी कुरकुरत का होईना घराबाहेर सोडणारे त्यांचे कुटुंबीय. आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे खिडक्यांपाशी उभे असलेले रसिक श्रोतेहो,

मंडळाचा चिटणीस या नात्याने चार शब्द बोलायला मला उभं केलं आहे. माझं सगळं आयुष्य चष्म्याच्या दुकानात गेलं. 'वरची ओळ वाचा, आता खालची वाचा' याखेरीज मला फारसं बोलावं लागत नाही. त्यातून खरं सांगायचं तर मला आज बोलायचंच नव्हतं. आपण बोललो की सिस्टरांचं जाणं पक्कं होईल, असं काहीतरी वेड्यासारखं दोन दिवस मनात येत होतं. पण मी गप्प बसलो म्हणून काय त्या राहणार आहेत? सामान पुढे गेलं आहे. उद्या सकाळी गाडी दाराशी येणार आहे.

सभागृहात अशीही मंडळी आहेत, ज्यांना आम्ही रविवारी रानात नेमकं काय करतो हे अजून उमगलेलं नाही. माझ्या सासूबाई त्यांतल्या एक. तेव्हा थोडक्यात सांगतो. याला जगभर जिओकॅशिंग म्हणतात, आम्ही डबाशोध म्हणतो. एकाने रानात एखादी सुंदर, फारशी कोणाच्या पायाखाली न आलेली जागा हेरायची, तिथे घट्ट झाकणाचा एक डबा लपवायचा आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश बाकीच्यांना द्यायचे. फोन तुम्हाला जागेच्या आसपास नेऊन सोडतो आणि हात वर करतो. पुढचं काम डोळ्यांचं. डबा सापडला की आतली एखादी बारीकसारीक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची आणि डबा होता तसा लपवायचा. सासूबाईंनी विचारलं होतं, "परत लपवायचाच, तर मग शोधायचा कशाला?" मला अजून त्यांना धड उत्तर देता आलेलं नाही.

सिस्टर इथल्या मोठ्या इस्पितळात मुख्य परिचारिका होत्या. निवृत्त झाल्या आणि ज्या नजरेने त्यांनी वॉर्ड सांभाळला, त्याच नजरेने आम्हाला रानात नेऊ लागल्या. गळ्यात शिट्टी. एक फुंक म्हणजे निघा, दोन म्हणजे थांबा, आणि लांबलचक फुंक म्हणजे चष्मेवाले कुठे राहिले ते बघा. ही तिसरी शिट्टी सगळ्यांत जास्त वाजली. हसा, हसा. सिस्टरही हसताहेत.

पण या बाईंनी आम्हाला काय काय दाखवलं! मी रोज ज्या रस्त्याने दुकानात जातो, त्याच्या शेवटच्या बसथांब्यामागे दगडाची एक जुनी, सोडून दिलेली खाण आहे, तिच्यात नितळ पाणी आहे आणि त्या पाण्यावर निळ्या चतुरांची ये-जा चालू असते, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. पाण्याच्या टाकीमागचा उतार उतरून गेलं की खडकाच्या पोटात नेच्यांनी झाकलेली एक कपार आहे. आत वाकून गेलं की इतकी शांतता, की आमचे बेकरीवालेसुद्धा गप्प होतात. हे सगळं माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. दुसऱ्यांना चष्मे देणाऱ्या माणसाला ते दिसलं नव्हतं.

सिस्टरांनी आम्हाला एक शिस्त लावली होती. डबा ज्याला दिसेल त्याने ओरडायचं नाही, बोट दाखवायचं नाही, डोळ्यांनी खुणावायचं नाही. गुमान बाजूला जाऊन दगडावर बसायचं आणि पाण्याची बाटली उघडायची. दुसरा बसला, तिसरा बसला, असं करत शेवटच्या माणसाला डबा दिसेपर्यंत मंडळी जागची हलत नाहीत. "दुसऱ्याने दाखवलेलं घरी जाईपर्यंत विसरतं माणूस," असं सिस्टर म्हणायच्या. आता तो शेवटचा माणूस बहुतेक वेळा कोण असायचा, हे मी सांगायला नको. सगळे बसून पाणी पीत आहेत, बेकरीवाल्यांनी आणलेली बिस्किटं संपत आली आहेत आणि मी एकटा झुडपांत डोकं खुपसून फिरतो आहे, हे दृश्य आमच्या मंडळात सगळ्यांच्या ओळखीचं आहे. पण त्या काळात मला कधी कोणी 'आटपा' म्हणालं नाही. सिस्टर तर घड्याळसुद्धा बघत नसत. आता मात्र बघताहेत. येतो, सिस्टर, मुद्द्यावर येतो.

खाणीच्याही पलीकडे, वरच्या जंगलात एक घळ आहे. तिच्या तळाशी झरा आहे आणि भोवती शेवाळाने मढलेले मोठमोठे धोंडे. काही वर्षांपूर्वी सिस्टरांनी तिथे एक डबा लपवला आणि जाहीर केलं, "हा माझा शेवटचा. हा तुम्हा सगळ्यांना सापडला, की मी शिट्टी खाली ठेवणार आणि रविवारी उशिरा उठणार." तेव्हापासून दर मोसमातली शेवटची भटकंती त्या घळीत ठरलेली. सगळे शोधायचे. तासन् तास शोधायचे. धोंड्यांखाली हात घालायचे, ढोल्यांमध्ये डोकावायचे, "या वर्षीही नाही बुवा" म्हणत मान हलवायचे. कोणीही बसायचं नाही. मला, काय सांगू, फार बरं वाटायचं. निदान एक तरी डबा असा होता, जो माझ्याइतकाच सगळ्यांना सापडत नव्हता.

आणि मग सिस्टर पडल्या. कड्यावर नाही, घसरड्या उतारावर नाही, खाणीच्या काठावर नाही. स्वतःच्या घरात, स्वतःच्या न्हाणीघरात, कोरड्या फरशीवर. खुब्याचं हाड मोडलं. जिथे त्यांनी हुकूम सोडले त्याच इस्पितळात त्या आडव्या झाल्या. आम्ही भेटायला गेलो, तर नव्या परिचारिकेला चादरीचा कोपरा नीट कसा खोचायचा ते शिकवत होत्या. आम्हाला वाटलं, सिस्टर ठणठणीत आहेत, महिन्या-दोन महिन्यांत शिट्टी वाजेल. डॉक्टरांना मात्र तसं वाटत नव्हतं.

चिरंजीव आले. ते लांबच्या शहरात लिफ्ट बसवण्याचं काम करतात, राहतातही उंच इमारतीत, वरच्या मजल्यावर. आईला कायमची घेऊन जाणार म्हणाले. ते शहर मी नकाशात पाहिलं. सपाट, हो. आसपास साधी टेकाडाची रेघ नाही. मी ठरवलं, या मुलाशी भांडायचं. आज त्यांच्यासमोरच सांगतो, चांगली तयारी करून गेलो होतो. कोण रोज जेवणाचा डबा देईल, कोण रात्री सोबतीला झोपेल, सगळं पाठ केलं होतं. त्यांनी दार उघडलं, मला आत नेलं आणि न्हाणीघर दाखवलं. भिंतीला त्यांनी आधाराच्या दांड्या बसवल्या होत्या. म्हणाले, "काका, त्या दिवशी आई सकाळपासून दुपारपर्यंत इथे पडून होती. हाक मारत होती. कोणाला ऐकू गेली नाही. आता तुम्हीच सांगा, मी काय करू?"

त्यांनी चहा करून दिला, तो प्यायलो आणि परत आलो. कोणावर तरी रागावता आलं असतं, तर किती बरं झालं असतं! मुलगा गुणी, सूनबाईंनी सासूसाठी खिडकीजवळची खोली रिकामी केलेली. आणि सिस्टर स्वतः? ज्या बाईंनी आयुष्यात कोणाचं ऐकलं नाही, त्या "बरं" म्हणाल्या.

काहीच करता येत नाही म्हटल्यावर माणूस भलतंच काहीतरी करायला धावतो. मी मंडळींना म्हटलं, सिस्टर जाण्याआधी तो डबा शोधू या. निरोपाची भेट म्हणून त्यांना सांगू, सगळ्यांना सापडला. मंडळी 'हो' म्हणाली, पण कोणाच्या आवाजात जोर नव्हता. मला वाटलं, दुःखामुळे.

गेल्या रविवारी गेलो. सिस्टरांशिवाय पहिल्यांदाच. शेवटच्या बसथांब्यावर सगळे जमलो आणि नुसते एकमेकांकडे बघत उभे राहिलो. शिट्टीच वाजली नाही, तर निघायचं कसं? अखेर माझी बायको म्हणाली, "चला आता, ऊन चढेल." घळीत उतरलो. मी कामाला लागलो. धोंडा धोंडा चाचपला, झऱ्याच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घातले. बाकीचे ढिम्म. मी चिडलो, "अरे, नीट बघा ना! नुसते काय उभे राहिलात? उद्या-परवा चालल्या त्या!"

तेव्हा बेकरीवाले सावकाश एका दगडापाशी गेले, बसले आणि त्यांनी पाण्याची बाटली उघडली.

मला वाटलं, दमले असतील. मग आमच्या नृत्यशिक्षिका बसल्या. मग त्यांच्या शेजारचे वकील. एकेक करत सगळे बसले. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. सगळ्यांत शेवटी माझी बायको बसली. श्रोतेहो, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही असं मी समजत होतो, जिच्याबरोबर मी एका ताटात जेवतो, ती माझी बायको! तिने बाटली उघडली आणि पाणी न पिताच ती हातात धरून रडायला लागली.

सगळ्यांना तो डबा केव्हाच सापडला होता. वर्षानुवर्षं ही मंडळी माझ्यादेखत न सापडल्याचं नाटक करत होती. सगळे बसले असते, तर मी एकटा उरलो असतो, आणि एकटा उरलेला माणूस इरेला पेटून आज ना उद्या शोधतोच. मग सिस्टरांना शिट्टी खाली ठेवावी लागली असती. गेल्या रविवारी मात्र त्यांना ते नाटक करवलं नाही. परत येताना बायकोने आणखी एक सांगितलं. माझ्या दुकानातला बारका स्क्रू-ड्रायव्हर, ज्याच्यासाठी मी अख्खं दुकान उलथंपालथं केलं आणि नोकराला बोल लावले, तो त्या डब्यात आहे. तिनेच ठेवला. डबा पुसायला अधूनमधून सिस्टर जात, त्यांनी तो ओळखला, आणि त्याही गप्प राहिल्या. बघा, आता कशा खाली मान घालून बसल्या आहेत!

यापुढचं सिस्टरांना ठाऊक नाही. ते सांगण्यासाठीच मी उभा आहे.

सिस्टर, सगळे बसले तेव्हा मला कळून चुकलं की डबा कुठे आहे. अगदी जागा नाही, पण बाजू कळली. घळीच्या एका अंगाला कोणाचंच तोंड नव्हतं. इतक्या माणसांपैकी एकही चुकून तिकडे बघत नव्हता. मी चार पावलं गेलो असतो, तर मिळाला असता. मी तिकडे पाठ फिरवली, बायकोचा हात धरला आणि घळ चढून वर आलो. मागे वळून पाहिलं नाही.

आता कार्यक्रमपत्रिकेत यापुढे 'शिट्टी सुपूर्द करणे' असं लिहिलं आहे. ती अध्यक्षांपुढे त्या टेबलावर ठेवली आहे. सिस्टरांनी ती माझ्याकडे द्यायला सांगितली. का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "सगळ्यांत मागे राहणाऱ्याच्या गळ्यात शिट्टी असली की कोणाला सोडून पुढे जायची भीती नाही." हा मोठा मान आहे. पण अध्यक्षमहोदय, मला क्षमा करा, मी ती घेणार नाही. अट काय होती? 'तुम्हा सगळ्यांना सापडला, की.' मला सापडलेला नाही. मला मोसमामागून मोसम तो सापडणार नाही, याची मी माझ्या परीने काळजी घेईन. रविवारी मंडळींना मी तोंडाने हाका मारून नेईन. सिस्टर, शिट्टी तुम्हीच घेऊन जा. त्या वरच्या मजल्यावर खिडकीत बसून वाटलं, तर ती लांबलचक वाजवा. चष्मेवाले कुठे राहिले म्हणून.

उद्याची गाडी थांबवणं माझ्या हातात नाही. तुमचं हाड पूर्वीसारखं करणं कोणाच्याच हातात नाही. त्या दुपारपर्यंतच्या हाका मला आता ऐकू येऊन काही उपयोग नाही. न सापडणं तेवढं माझ्या हातात आहे आणि तेवढंच मला चांगलं जमतं.

सभागृहाबद्दल वाचनालयाचे, बिस्किटांबद्दल बेकरीवाल्यांचे, आईला आज दोन तास आमच्यात बसू दिल्याबद्दल चिरंजीवांचे, आणि इतकी वर्षं माझ्याशी खोटं वागल्याबद्दल मंडळाच्या सर्व सभासदांचे मी मनापासून आभार मानतो. आनंदाने बोलायचं ठरवून आलो होतो, ते काही निभावलं नाही. बोलण्याच्या भरात कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर ते पदरात घ्या. माझ्या नजरेतून बरंच सुटतं, हे आपण जाणताच.

सिस्टर, आम्ही अजून घळीतच आहोत. बाकीचे बसले आहेत. मी शोधतो आहे.