माळाला लागलेल्या मेंढ्या

नाही हो, आत बघण्यासारखं काही नाही. चार बाकं, एक मोडका बाजा आणि कबुतरांची घाण — एवढंच उरलंय आमच्या चॅपेलात. प्रार्थना बंद होऊन किती वर्षं झाली, शेवटचे पाद्री आले होते ते सर्दीनं बेजार होऊन गेले, परत फिरकले नाहीत. हो, किल्ली माझ्याकडेच असते — हेस्टर डावसनकडे मागा, असं दुकानात सांगितलं असेल तुम्हाला — पण कुलूप गंजलंय, उगाच कशाला हात घाण करता. बसा इथे पायरीवर. ऊन आहे तोवर घ्या, हॅगथ्वेटमध्ये ऑक्टोबरातलं ऊन म्हणजे घाईतला पाहुणा, चहालासुद्धा थांबत नाही. — मॉस, गप्प रे! काही करत नाही तो, दातच राहिले नाहीत, नुसता भुंकतो. — काय? आतून आवाज? वारा असेल. एक काच फुटलीय मागच्या खिडकीची. खोकल्यासारखा वाटला? मग, आमच्याकडचा वारा खोकतोच, थंडी केवढी असते! तुम्ही गावाचा इतिहास विचारत होतात ना, तो विचारा की. वाऱ्याचं काय घेऊन बसलात.

तर इतिहास. आता गाव म्हणजे काय हो — वर माळ, खाली ओढा, आणि मधल्या चिमटीत आम्ही. शिशाच्या खाणी होत्या वर, माझे पणजोबा त्यात खोकून खोकून मेले, त्यांच्या वेळी इथे दोन दारूची दुकानं होती आणि तीन चॅपेलं, म्हणजे पाप आणि पश्चात्ताप दोन्हींची सोय. मग शिसं संपलं. माणसं गिरण्यांच्या गावांना गेली, त्यांची घरं पडली, त्या घरांचे दगड आम्ही गडग्यांना लावले. शाळा गेली, टपाल गेलं, बस आठवड्यातून एकदा येते ती रिकामी येते आणि रिकामी जाते. राहिलं कोण? ज्यांच्या मेंढ्या होत्या ते राहिले. ते वरचं फाटक दिसतंय? तिथे गडगे संपतात. त्याच्यापुढे नुसती हेदरची झुडपं, दलदल आणि आभाळ — ना भिंत, ना कुंपण, ना तार. सगळे पाहुणे एकच विचारतात, मग मेंढ्या पळून कशा जात नाहीत? तुम्ही नाही विचारलंत, नवल आहे. — तर ऐका. आमची मेंढी माळाला लागलेली असते. म्हणजे कसं, आईच्या मागे कोकरू हिंडतं, वादळात कुठल्या घळीत शिरायचं, बर्फात कुठलं गवत उघडं राहतं, कुठल्या ओहोळाच्या पलीकडे शेजाऱ्याचं रान, हे ते आईकडून शिकतं, आणि मोठं झालं की आपल्या कोकराला शिकवतं. अशी किती शतकं गेली कोण जाणे. शाळा बंद पडली ती आमची, त्यांची नाही पडली!

आणि एकदा तुटलं की तुटलं. पलीकडच्या खोऱ्यात जाऊन बघा. लाळ-खुरकत आली होती त्या वर्षी तिथल्या मेंढ्या सरकारनं मारल्या, जाळल्या — तो वास इथवर यायचा, आम्ही खिडक्यांना ओली पोती लावून बसायचो. आमचा कळप वाचला, देवाची कृपा. त्यांना नंतर पैसे मिळाले, नव्या मेंढ्या आणल्या चांगल्या जातीच्या, वर सोडल्या — आणि त्या गेल्या हो चहूदिशांना! एक हमरस्त्यावर मेली, एक दलदलीत रुतली, काही तर धरणापाशी सापडल्या. त्यांना सांगणारंच कोणी नव्हतं ना. आता त्या माळावर कंबरेएवढं नेचं माजलंय. म्हणून आमच्याकडे रीत आहे — घर विका, शेत विका, बायकोची अंगठी विका, पण मेंढ्या शेताबरोबर राहतात. नवा येईल त्याला त्या तिथेच मिळाल्या पाहिजेत. कायदा नाही हा, रीत आहे. कायद्याला वकील लागतो, रीतीला लाज लागते.

आणि ती लाज माझ्या भावाला नव्हती. घ्या. सांगणार नव्हते, पण सांगते. रूबेन. माझ्याहून धाकटा. वडिलांनी मरताना कळप त्याच्या नावावर केला — मेंढ्या मुलाच्या नावावर, आणि राखायच्या कोणी, तर मुलीनं! बर्फातून ओढून काढायच्या मी, कोकरं स्वयंपाकघरात चुलीपाशी जगवायची मी. पण मी कधी चकार शब्द काढला नाही, म्हटलं आपलाच भाऊ आहे, त्याचं काय नि माझं काय. त्याचं एक होतं, हाक. वडिलांची हाक अगदी तशीच्या तशी उचलली होती त्यानं, फाटकात उभा राहून एकदा ओरडला की वरचा सगळा कळप धावत खाली. मला नाही जमली ती कधी, माझा आवाज फाटतो. — तर मागच्या हिवाळ्यात माझा खुबा मोडला. इथेच, ओढ्याच्या दगडांवर. नेलं शहरात, हॉस्पिटलात. आणि हा दर रविवारी यायचा हो! द्राक्षं घेऊन. शेजारी बसायचा, माझा हात हातात घ्यायचा. मी विचारायचे, बर्फ किती आहे, मेंढ्या घळीत उतरल्या का? तर म्हणायचा, उतरल्या, हेटी, सगळ्या उतरल्या, त्या म्हाताऱ्या मेंढीनं बरोबर नेल्या सगळ्यांना, तू काळजी करू नकोस. आणि तेव्हा, अहो, तेव्हा माळ रिकामा होता! पहिल्याच आठवड्यात त्यानं सगळ्या मेंढ्या विकल्या होत्या, खाली सपाटीवर कोणी लेथम म्हणून आहे, मोठा शेतकरी, त्याला. फाटकात उभा राहिला, वडिलांच्या हाकेनं त्यांना बोलावलं आणि गाडीत चढवल्या. विकल्या ते विकल्या, माणसाला अडचण असते, मी समजून घेतलं असतं. पण ती घळ, तो बर्फ, ती म्हातारी — एवढं रंगवून खोटं कशाला बोलायचं? मी आपली त्या खाटेवर डोळे मिटून त्या घळीत उतरणाऱ्या मेंढ्या बघायची आणि मला झोप लागायची. केसानं गळा कापणं म्हणतात ना, ते असं.

मी घरी आले, काठी टेकत फाटकाशी गेले, तर वर काही नाही. मी म्हटलं, का रे? तर म्हणतो — खाली मान घालून म्हणतो — मला वाटलं तू काही परत उभी राहत नाहीस, हेटी. म्हणजे झालं! बहिणीला जिवंतपणी पुरून मोकळा. बोलले नाही मग त्याच्याशी. एका घरात, एका चुलीवर, आणि अबोला. आपलेच दात, आपलेच ओठ, चावणार कोणाला?

नाही, उठू नका, खरी गोष्ट पुढेच आहे. — ऑगस्टमध्ये धुकं पडलं होतं, आणि सकाळी मी दार उघडते तर फाटकापाशी तीन उभ्या! अंग चिखलानं भरलेलं, खूर सोललेले. लेथमचे गडगे ओलांडून, हमरस्ता ओलांडून, धरणाला वळसा घालून आल्या होत्या घरी. मी तशीच मातीत बसले आणि रडले. खुबा मोडला तेव्हा रडले नव्हते. आणि त्या माझ्याकडे बघायलासुद्धा तयार नाहीत, फाटक उघड म्हणतात! तिघी आहेत, पण तिघी पुरे आहेत हो. वसंतात त्यांची कोकरं होतील, वर सोडीन, त्या त्यांना दाखवतील — एवढ्या एका धाग्यावर आख्खा माळ आहे आमचा. या गेल्या तर संपलं, मग हॅगथ्वेट म्हणजे सुट्टीला येणाऱ्यांची चार घरं. म्हणून ठेवल्यात मी, वर दिसल्या असत्या म्हणून — म्हणजे —

बरं, ठेवल्यात. आत. चॅपेलात. झालं समाधान? वारा नाही खोकत, त्या खोकतात. देवाच्या घरात ठेवल्यात, देवाला चालतंय, बाकांचे पाय चावतात तेवढंच. आणि हसू नका, मला फार जड गेलंय ते. शरदात इथे मेळावा भरतो, सगळ्या खोऱ्यांतले मेंढपाळ जमतात, ज्याच्या कळपात दुसऱ्याची मेंढी शिरली असेल त्यानं ती कानाची खूण बघून परत करायची, मग बिअर, मटणाची कचोरी, गाणी. आमच्या घराण्यात कोणी परकी मेंढी कधी दाबून ठेवली नाही. यंदा मला विचारलं, हेस्टर, तुझ्याकडे कोणाची चुकलेली? मी कानावर हात ठेवले. माझी कचोरी मी मॉसला टाकली.

कोणाला माहीत नाही. म्हणजे — एक रूबेनला. त्याला कळलंच, एका घरात राहतो. मला वाटलं आता ओरडेल. तर दुसऱ्या दिवशी चॅपेलच्या दाराशी गवताचा भारा! मी तो सोडून आत टाकला. मग रोज एक भारा. गेल्या रविवारी मीच म्हटलं, रूबेन, चहा घे. किती महिन्यांनी! तो रडला हो. म्हणाला, हेटी, मी कोणाला सांगणार नाही, वडिलांची शपथ. मला इतकं हलकं वाटलं — शेवटी रक्ताचं नातं आहे, माणूस चुकतो, आणि सुधारतोही. काल मी त्याच्या आवडीचा आल्याचा केकसुद्धा केला.

तुम्ही असे खाली काय बघता सारखे? केक आवडत नाही? — कुठे, पुलापाशी? गाडी दिसतेय. तुमची आहे होय? आणि मागे जाळीचा डबा कशाला जोडलाय, इतिहास भरून न्यायला?

अच्छा.

लेथमकडचे तुम्ही. आणि मी तुम्हाला पणजोबांपासून सांगत बसलेय! तरीच म्हटलं, हा पाहुणा मेंढ्या पळत का नाहीत हे विचारत कसा नाही. दुकानात नाही विचारलंत तुम्ही, थेट चॅपेलवर आलात. सांगितलं कोणी? — नाही, सांगू नका. गाडीत पुढे बसलंय ते कोण? ती टोपी मी विणलीय. माझीच लोकर आहे ती.

नाही, भांडत नाही मी. मेंढ्या तुमच्या आहेत. मालक दारात मागायला आला की नाही म्हणायचं नाही, ही रीत आहे इथली, आणि ती मोडायला मी काही रूबेन नाही. एकदा मोडली तेवढी पुरे. घ्या, उघडते. — पण तुमच्यानं त्या निघायच्या नाहीत बरं का, शिंगं मारतील, बाकांखाली शिरतील. म्हणूनच त्याला बरोबर आणलंय ना? हाक मारायला? मग बसवून काय ठेवलंय, बोलवा की. म्हणावं, ये, तुझी बहीण उभी राहिलीय, बघायला ये. — येत नाही? तिथूनच मारणार? हो, पोचेल. पार माळाच्या टोकाला पोचायची, पूल काय लांब आहे.

...

ऐकलंत? अगदी वडील. तोच आवाज. — निघाल्या बघा. कशा निघाल्या, एकमेकींना ढकलत, शेपट्या हलवत, मागे वळूनसुद्धा बघत नाहीत. त्यांना वाटतंय, माळावर चाललोय. — मला धरू नका हो, मी काही अडवायला उठले नाही. जेवायला घरी बोलवायचे वडील त्याच हाकेनं, आम्हा दोघांना. पाय आपोआप उठले माझे, दुसरं काही नाही.

जा तुम्ही. डब्याचं दार नीट लावा, ती पुढची उडी मारते. जा म्हणते ना.