घंटीमाय

— नाई नाई सायेब, तिकडे नका जाऊ! तिकडे काय हाये? रुईची कोठी हाये, कुलूप हाये, अन् किल्ली सेठापाशी, अन् सेठ गेले कारंज्याले. अठी बसा, या बाजेवर, लिंबाच्या सावलीत. पाणी घ्या. तुमी विमा कंपनीवाले बी कमालच करता बावा, वर्षातून एकडाव येता अन् येता ते नेमके बाजाराच्या दिवशी — कापसाचं जीन बंद, रेच्यावर सरकी काढणाऱ्या बाया बाजारात, इंजिनवाला बाजारात, आख्ख्या आवारात मी एकला. मी म्हणजे गोविंदसिंग, या जिनाचा जमादार. फाटक माह्या हाती, घंटी माह्या हाती, अन् हा सोटा बी माह्याच हाती — भेऊ नका, तुमाले कायले मारीन मी? तुमी पाव्हणे. आमच्या कामरगावात पाव्हण्याले च्या दिल्याबिगर जाऊ देत नाई, पण आज च्यावाला बी बाजारात. मोटारीले अजून येळ हाये तुमच्या, निवांत बसा.

तर घंटी. घंटीची तपासणी ना? ही दोरी वढा. वढा ना जोरात, अशी — टण टण टण! आयकली? पार तांड्यापावतो जाते. झाली तपासणी. मी दर अमुशाले नारळ फोडतो अन् अशीच वढतो, एक अमुशा चुकवली नाई आजलोक. — काय? दोरी नाई? कोठीतल्या डोयाखाली दिवा धराचा? हे कोनं सांगतलं तुमाले? — कंपनीचा कायदा. बरं, असन कायदा. मले माहीत हाये ते कसं चालते, तुमच्या आंधी जाड चष्म्याचे सायेब येत होते, त्याईनं सगयं समजून सांगतलं होतं. छताले कथलाची कडी, कडीले तार, तारीले वजन. आग लागली का कथील वितयते, तार सुटते, वजन पडते, अन् घंटी आपोआप वाजते. माणसानं पाह्याची गरज नाई, कडीच पाहते. म्हणून आमी तिले डोया म्हणतो, अन् घंटीले घंटीमाय. आता तुमीच सांगा, मायच्या डोयाखाली आग धराची? तुमी धरसान तुमच्या मायच्या?

हसले तुमी. नाई, हसले, म्या पाह्यलं. हसू नका सायेब — त्या तराजूपाशी एका हमालाचे दोन दात पाडले म्या हसल्यापाई, अजून भाकर चुरून खाते तो. बसा, उठू नका, रागानं नाई बोललो. तुमाले मालूम नाई म्हणून तुमी हसता. इंग्रज गेला त्याच्या दुसऱ्या हंगामाची गोष्ट, तवा घंटी नोती. माही बायको हिरीबाई रुईच्या कोठीत होती, रुई दाबाले. इंजिन चालू, रेचे चालू — त्या आवाजात कोनी कानाशी बोंबललं तरी आयकू येत नाई. कोठीत आग लागली, दाराची कडी आतून अडकली, आत हिरी अन् आणखी तिघी-चौघी, अन् बाहेर आमी सगये आपलं काम करून राह्यलो! मी फाटकावर बिडी पेटवून राह्यलो होतो. ती दार ठोकत असन. ठोकलंच असन ना? ठोकल्याबिगर कोनी मरते का? कोनाले आयकू नाई आलं. धूर दिसला तवा धावलो, लोखंडी दार तापून लाल, अन् म्या दोन्ही हातानं धरलं ते. हे पाहा तळवे. कातडी दारालेच राह्यली. बाहेर काढली तवा मी तिले बांगड्यांवरून ओयखली सायेब, तोंड नोतंच.

मंग सेठानं घंटी बसवली. लोकं म्हणे, विम्याचा हप्ता कमी होते म्हणून बसवली. मले त्याचं काय करा लागते? त्याच हंगामात रेच्याचं बेरिंग तापलं, कापसानं धरलं — कोनाचं ध्यान नाई, दोरीले कोनाचा हात नाई — अन् घंटी वाजली! आपोआप! सगया बाया बाहेर, एकीचा पदर बी जयला नाई. रंगूबाई रडे, मनकर्णाबाई रडे, अन् मी घंटीसमोर पालथा पडलो. मले वाटलं — आता तुमाले कसं सांगू — मले वाटलं हिरीच हाये ते. तिचं कोनाले आयकू आलं नोतं ना, म्हणून घंटी होऊन आली. त्याच दिवशी तेलात शेंदूर कालवला अन् जिनातल्या सगया डोयाइले लावला, या हातानं. तवापासून दर खंडेनवमीले, कास्तकार नांगर पुजते, सुतार पटाशी पुजते, आमी घंटीमायचे डोये पुजतो. दर साली नवा थर. आता बोटायेवढा जाड झाला, लालभडक, पाह्यलं तर हात जोडले जाते. अन् गंमत पाहा सायेब, तवापासून घंटी आपोआप एकडाव बी वाजली नाई. म्हणजे आगच नाई! एवढी राखण कोन करते?

— कायचा आवाज? कुठी? माकडं हाये ते, पत्र्यावर नाचते लेकाचे.

सोमला? सोमला फिटर कुठी हाये म्हणता — तुमाले काहून पाह्यजे सोमला? — त्यानं सांगावा धाडला कंपनीले? असं. असं हाये काय. म्हणजे तुमी बाजाराच्या दिवशी चुकून नाई आले. बरं झालं सांगतलं. सोमला माहा साया हाये सायेब, हिरीचा लहाना भाऊ. माय नोती त्याले, हिरीनंच वाढवला, ती गेल्यावर म्या सांभायला, अकोल्याले फिटरकी शिकाले म्याच पाठवला. अन् शिकून आला तर मलेच शिकवते! म्हणे, भाऊजी, हा शेंदूर काढा, आगीची धग कथलापावतो पोचतच नाई, अन् कथील वितयलं तरी शेंदूरच तार धरून ठेवते. म्या म्हटलं गप. तो गप बसला नाई. काल सकायी कोठीत शिडी लावली, पटाशी घेतली अन् खरवडाले लागला. मायच्या डोयावर पटाशी! खाली बाया पाहून राह्यल्या, शेंदराच्या खपल्या पडून राह्यल्या, लाल लाल — मले हिरीची कातडी दिसली सायेब, देवाशप्पथ, तशीच पडत होती ती. म्या शिडी वढली. तो खाली आला पाठीवर. मंग मले आवरलंच नाई. सोट्यानं हानला, सोटा तुटला, दुसरा घेतला, हाच. पटाशी ज्या हातात होती ते मनगट मोडलं. तोंडावर हानलं, पाठीवर हानलं, पडला तरी हानलं. बाया वरडे, मरन तो, मरन तो! रंगूबाईनं माहे पाय धरले, तिलेबी लाथ बसली. पण मेला नाई. मी कसाई नाई. त्याचं थोबाड सुजलं ना, तर पार हिरीसारखं दिसाले लागलं, म्हणून थांबलो. अन् मंग शिडीवर मीच चढलो, जेवढा खरवडला होता त्याच्या दुप्पट शेंदूर भरला, हात जोडले, माफी मागतली मायची. — सोमला? गेला तो. तांड्यावर गेला. गेला म्हणतो ना!

— माकडंच हाये हो. माकडं ठोकत नाई म्हणता? — बरं. नाई माकडं. तोच हाये. झालं समाधान? तुमी येनार हे मले आंधीच मालूम होतं, त्यानंच सांगतलं मार खाता खाता, मंग त्याले मोकया कसा सोडू, तुमच्या कानाशी लागाले? कोठीत टाकला. तुमची मोटार गेली का सोडतो, वैद्याकडे नेतो, मनगट बांधून आणतो, घरचं माणूस हाये. पाणी ठेवलं आत, भाकर ठेवली. कोठीले खिडकी नाई, गुडूप अंधार, अन् लहानपणापासून अंधाराले भेते तो, हिरीच्या कुशीत झोपे — म्हणून कंदील बी पेटवून ठेवला सकायी. एवढी माया कोन करते सांगा. — रुईत कंदील? मंग काय झालं? वर घंटीमाय हाये ना!

किल्ली? हाये ना, हे काय, माह्याच कमरेले हाये. सेठापाशी कुठची? पण देणार नाई. बसा. बसा म्हणतो ना! हात सोडा — सायेब, मनगट तुमचं बी मोडन, सांगून ठेवतो. — धूर? कुठी धूर? धूळ हाये ते, बाजाराच्या गाड्यांची. वास तर जिनात राहतेच. दारातून? दारातून निघून राह्यला? — ठोकू द्या त्याले, लाथा मारून मारून कंदील लवंडला असन, लवंडू द्या. आग असती तर घंटी वाजली असती. वाजली का? नाई ना? मंग आग नाई. एवढी साधी गोष्ट तुमाले समजत नाई, अन् तुमी कंपनीचे सायेब! — दोरीले हात नका लावू! डोकं फोडीन! दोरीनं तर कोनी बी वाजवन, तिनं वाजवाले पाह्यजे, तिनं. आता वाजन. अजून धग छतापावतो गेली नसन. थांबा थोडे. येळ आली का वाजते ती, म्या पाह्यलं हाये, या डोयानं पाह्यलं हाये. — तो वरडून राह्यला हे मले बी आयकू येते, मी काय बहिरा हाये? भाऊजी भाऊजी करून राह्यला. आयकू येते मले. — वाज वं माय. वाज ना. तुहा भाऊ हाये आत, हिरे, सोमला हाये वं, तुहा सोमला. दिसते ना तुले? — दिसते तिले सायेब, सगयं दिसते! मी दार नाई खोलणार. मी दार खोललं म्हणजे तिले दिसत नाई असं झालं. मंग हिरी कुठी गेली? सांगा ना, शिकलेले हाये तुमी — ती कडी नुसती कडी असन, तर हिरी कुठी गेली? नुसती जयून गेली? — वाज! वाज वं! वाज!

...

थांबलं. आयकलं? ठोकणं थांबलं.

घ्या. ही घ्या किल्ली. घ्या ना सायेब — आता कायले पळून राह्यले?