धनूचं पिस्तूल आन नगरचे शाने

...न्हाई न्हाई, तुमी आधी मला सांगा, घरातला मिक्सर बंद पडला तर तुमी काय करता? दुकानात नेता. हिरीवरची मोटार जळली? भरून आनता. आवो, मानसाचा गुडघा बदलून मिळतोय आता नगरमधी, आन एक साधं हवेचं पिस्तूल, छर्ऱ्याचं, ते दुरुस्त करनारा एक मानूस ह्या आख्ख्या जिल्ह्यात सापडू नये? तुमाला सांगतो, डोस्कं फिरलंय माझं. मला त्याची तोफ करायची न्हवती. दाबलं की छर्रा पुढं गेला पाहिजे, एवढंच म्हननं हाय माझं.

आता तुमी म्हनाल, मिरजगावच्या गिरनीवाल्याला पिस्तूल कशाला पाहिजे? मला कशाला पाहिजे, मी पीठ दळतो. पिस्तूल आमच्या धनूचं, धनश्रीचं, थोरल्या लेकीचं. नेम हाय तिला, देवानं दिलेला. एका रिटायर फौजीकडून जुनं पिस्तूल घेतलं, गिरनीच्या मागच्या भिंतीला पुठ्ठा लावला आन पोरगी रोज ठाक, ठाक, ठाक. शाळेतनं आली की दप्तर फेकायचं आन पिस्तूल घ्यायचं. आन दसरा झाल्यावरच्या रविवारी नगरला जिल्ह्याची निवड. निवड झाली तर राज्याला. आन दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी पिस्तूल बंद! बंद म्हंजे कसं, दाबलं की 'फुस्स' करायचं आन छर्रा नळीच्या तोंडातनं खाली पडायचा, तिच्या पायावर. लागला बी न्हाई म्हनं पायाला.

पोरीनं दोन घास खाल्लं न्हाई. तिच्या खेळाच्या रुपाली मॅडमला फोन केला, त्या म्हनल्या, "ज्याचं त्यानं आणायचं असतं हो, दुसऱ्याचं देता येत नाही. तुम्ही दुरुस्त करून घ्या ना." घ्या ना! जसं काय गल्लीत 'पिस्तूलवाला, पिस्तूलवाला' म्हनत हातगाडी फिरतीय.

निघालो. बायकोच्या कापडी पिशवीत पिस्तूल, वरनं टावेल. एसटीला ही गर्दी. कंडक्टर म्हनला, "पिशवी खाली ठेवा, काय हाय त्यात?" मी आपला सरळ मानूस, म्हनलं पिस्तूल. आख्खी गाडी वळून बघाय लागली. एक बाई पोराला घिऊन मागं सरकली, एका तरन्या गड्यानं उठून मला जागा दिली, आन कंडक्टर तिकीट द्यायलाच येईना. उभ्या आयुष्यात एसटीत मला कुनी जागा दिली न्हवती.

नगरला उतरलो, सावेडीत खेळाच्या सामानाचं मोठं दुकान, काचंचं. मालक बघतो काय, पिशवीतनं नळी भाईर आली तसा गल्ल्यामागं खाली बसला. म्हनला, "काका, हे हत्यार आहे. इथं खेळाचं सामान मिळतं. हत्याराच्या दुकानात जा." म्हनलं, आवो खेळाचंच हाय, पोरी खेळत्यात. तर म्हने, "कॅरम बोर्ड दाखवू?" कॅरम बोर्ड! मी काय सोंगट्या उडवायला आल्तो?

बरं. हत्याराच्या दुकानात गेलो. तिथं एक जाडा गृहस्थ, भिंतीवर बंदुका टांगलेल्या, आन त्येनं माझं पिस्तूल दोन बोटात असं धरलं, मेलेला उंदीर धरल्यावानी. "हे? हे खेळणं आहे. आम्ही हत्यारं दुरुस्त करतो. खेळाच्या दुकानात न्या." म्हनलं तिथनंच आलोय. "मग पुण्याला न्या." तुमी बघा, नगरच्या मानसाला काय जमलं न्हाई की तो पुन्याला धाडतो. दात दुखला, पुन्याला. पोरगं शिकंना, पुन्याला. आन म्हनलं पुन्यात कुठं, तर म्हने "विचारा कुणालाही." कुनालाबी? हातात पिस्तूल घिऊन मी पुन्यात कुनालाबी विचारू? दाबलं की छर्रा पुढं गेला पाहिजे, बाबा, एवढंच म्हननं हाय माझं!

मग मला आठवली अवदसा. म्हनलं पोलिसांना म्हाईत असंल. चौकीत गेलो. साहेब म्हनला, "लायसन?" म्हनलं ह्याला लागत न्हाई. "का लागत नाही?" म्हनलं हे हत्यार न्हाई. "हत्यार नाही तर चौकीत कशाला आणलं?" म्हनलं बंद पडलंय. "बंद पडलंय तर चांगलंच आहे की." आन टेबलाशेजारचा हवालदार, च्या पिता पिता, "दादा, कुनावर चालवताना बंद पडलं?" हसत्यात सगळे. मला तासभर बाकड्यावर बसवलं, आधार कार्डाचा फोटो काढला, आन जाताना साहेब म्हनतो, "पिशवीत घालून फिरू नका असं." मग कशात घालून फिरू? कमरंला लावू?

आता राहिली पिस्तुलाची कंपनी. धनूनं मोबाईलवर नंबर शोधला. पलीकडं एक पोरगी, आवाज सारा साखरंत घोळलेला. "सर, आपलं शहर सांगाल?" म्हनलं अहमदनगर. "सर, या नावाचं शहर आता नाही." बरं, अहिल्यानगर. "सर, ते आमच्या यादीत अजून आलेलं नाही." म्हंजे तुमी सांगा, मी ऱ्हातो कुठं? जुन्या नावाचं गाव ऱ्हायलं न्हाई, नव्या नावाचं झालं न्हाई, आन वर ती इचारती, "मी आपली आणखी काही मदत करू शकते का?" आधी काय केली हुतीस गं बाई?

शुक्रवार उजाडला. पोरगी नुसती भिंतीवरल्या पुठ्ठ्याकडं बघत बसायची, हात लांब करून, रिकामा. कर्जत तालुक्यातल्या गिरनीवाल्याच्या पोरीला राज्याला कोन इचारतंय? वरीसभर तिनं दिवाळी म्हनली न्हाई, लगीन म्हनलं न्हाई, आन ते सगळं एका 'फुस्स'वर जायचं?

शेवटी आमच्या गावच्या श्रीमंताकडं गेलो, नावाचाच श्रीमंत. हायवेला त्याचं फवारनीच्या पंपाचं दुकान हाय. श्रीमंत म्हंजे काय, त्याला कशालाच न्हाई म्हनता येत न्हाई, येवढी एकच कला हाय त्याच्या अंगात. म्हनला, "कल्यानदादा, पंप काय आन पिस्तूल काय, हवा ती हवा." खोललं. स्प्रिंग उडाली ती थेट हायवेच्या पल्याड, दोन ट्रक जाऊ दिले तवा सापडली. मग नळीत तार घातली, वढली... आन एकदम चार पावलं मागं झाला. तारंला लाल लाल चिकाटा. त्यात तांदळाचे दानं, हळदीत माखलेले. मागनं झेंडूची पाकळी.

"दादा," म्हनला. "ह्याच्यावर कुनीतरी करनी केलीया. पोरीच्या नेमावर डोळा हाय कुनाचा तरी. मी हात न्हाई लावत. शिंगनापूरला जा, तेल वाहा, सुटंल." आन दुकानाचं शटर निम्मं खाली वढलं, दिवसाढवळ्या!

मी तो चिकाटा बोटावर घेतला. वास घेतला. करडीचं तेल. आन माझ्या डोक्यात उजेड पडला. खंडेनवमी! आमच्या म्हातारीनं, भागिरथीबाईनं, दरसालापरमानं सगळी हत्यारं पाटावर मांडली हुती. विळा, कुऱ्हाड, गिरनीचा पाना, शिलाई मशीनची कात्री... आन त्या रांगंत नातीचं पिस्तूल. विळ्याला तेल लावलं, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, झेंडू वाहिला. पिस्तुलाला भोक दिसलं. म्हातारीनं भक्तिभावानं ते सगळं भोकातबी घातलं.

घरी गेलो. दारातनंच वरडायचं म्हनून तोंड उघडलं, तर म्हातारी म्हनती, "आलास का? उन्हातानाचं हिंडतुयास लेकीसाठी, च्या टाकू?" काय बोलता? सावेडीतल्या दुकानदाराला बोललो, बंदूकवाल्याला बोललो, त्या साखरंतल्या पोरीला बोललो. आईला काय बोलता? निसतं म्हनलं, आये, नळीत तेल कशाला? तर म्हने, "निसतं वरनं लावलं की वरवरची पूजा व्हती."

रॉकेल घेतलं, दाभन घेतलं, जुना ब्रश घेतला, आन मी आन धनू रात पडस्तोवर एकेक दाना टोकरत बसलो. पंक्चरवाल्याकडनं नळीत हवा मारून उरलंसुरलं भाईर काढून आनलं. जोडलं. धनूनं हात लांब केला. मी डोळं मिटलं. ठाक! आवो, माझ्या कानाला गोड लागला तो आवाज.

रविवारी नगरला निवड. शेवटचा छर्रा सुटला, रुपाली मॅडम पळत आल्या, "धनश्री, राज्याला!" आन मी, गिरनीवाला, पिठात जन्म गेलेला, चारचौघात टावेल तोंडात घालून रडलो. खरं सांगतो, लाज न्हाई वाटली.

घरी आलो तर म्हातारीनं दारात पाट मांडलेला. ताट तयार, समई, कुंकू, अक्षता, आन वाटीभर तेल. म्हनती, "बघ, म्या आतनं पूजा केली म्हनूनच नंबर आला. ठिव गं बाळ, राज्याला जायचंय त्याला." आन आमची धनू, माझ्याबरूबर दाने टोकरनारी धनू, तिनं आजीच्या पाया पडून पिस्तूल पाटावर ठिवलं की वो! म्या तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं बघितलंच न्हाई.

मी काय करनार? मांडी घालून पाटाशेजारी बसलो आन नळीच्या तोंडावर अंगठा दाबून धरला. म्हातारीनं अंगठ्याला तेल लावलं, कुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या, आन समाधानानं हात जोडलं. तवापासनं दर स्पर्धेच्या आदल्या दिवशी आमच्या घरी माझ्या अंगठ्याची पूजा व्हती. करा म्हनलं.