मिस्टर आल्विन, हात सैल सोडा

...आणि वर ती ठसे घेणारी बाई मलाच म्हणते, मदत करू नका, हात सैल सोडा. आता मला सांगा, हात सैल सोडायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

कुणी आपला हात हातात घेतला तर माणूस काय करेल? दाबेल. आमच्या वडिलांनी आम्हाला फारसं काही शिकवलं नाही, पण हात मिळवायला शिकवलं. म्हणायचे, ज्याचा हात ओल्या फडक्यासारखा लागतो त्याच्याशी व्यवहार करू नये. तेव्हापासून दर रविवारी चर्चच्या दाराशी उभा राहून मी येणाऱ्याजाणाऱ्याचा हात असा दाबत आलोय, की मिसेस प्रुइट हल्ली अंगठी दुसऱ्या हातात घालून येतात.

आणि हे सगळं कशासाठी? तर लॉनीसाठी, माझ्या धाकट्या भावासाठी. साठीला आलाय, पण मनाने अजून लहान पोरच. आई होती तोवर कागदोपत्री तीच त्याची पालक. या वसंतात ती गेली आणि कोर्टाने विचारलं, आता कोण? मी म्हटलं, मी. जन्मभर त्याच्या बुटांच्या नाड्या मीच बांधतोय. जज म्हणाले, ते खरं, पण तुम्ही दरोडेखोर नाही कशावरून? बोटांचे ठसे द्या. नाही दिले तर लॉनी सरकारी वसतिगृहात.

म्हणून गेलो ठसे घेण्याच्या ऑफिसात, लॉनीला बरोबर घेऊन, कारण घरी एकटा ठेवला की तो कोंबड्यांना सोफ्यावर बसवतो. तिथे ठसे घ्यायला मिस रोशेल म्हणून बाई. त्यांनी माझा अंगठा धरला, मशीनच्या काचेवर फिरवायला गेल्या, मी आपला सवयीने हात दाबला, हलवला आणि म्हटलं, भेटून आनंद झाला. मशीनचा दिवा लाल, म्हणजे ठसा उमटला नाही. म्हणाल्या, हात सैल सोडा. पुन्हा धरला, मी पुन्हा दाबला. "मिस्टर आल्विन, माझी बोटं मोडताय तुम्ही." मी माफी मागितली, आणि माफी मागताना, काय करणार, पुन्हा त्यांचा हात हातात घेतला...

मग म्हणे, झोप आलीय असं समजा. समजलो, तर मान पडली, हात तसाच. म्हणे, खिडकीबाहेर बघा. बघितलं, तर बाहेरून आमचे पास्टर चालले होते, त्यांनी हात वर केला, मीही केला, आणि माझ्या हाताबरोबर मिस रोशेलही वर.

तुम्हाला सांगतो, मला घाम फुटला. खरा माणूस ओळखायचा घट्ट हातावरून, आणि सरकारला खरेपणा पटवायचा तर हात हवा लुळा. मग सैल सोडायचा तरी कसा? मी हळूच विचारलं, नाहीच उमटले ठसे तर? त्या म्हणाल्या, मग कोर्ट दुसरं कुणीतरी बघेल.

लॉनी इतका वेळ त्यांच्या फिरत्या खुर्चीत बसून गोल गोल फिरत होता. तो थांबला.

"आल्वी, मग मी यांच्याकडेच राहतो. खुर्ची छान आहे."

खांद्यापासून खाली माझ्यात जीवच राहिला नाही. हात टेबलावर पडला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. मिस रोशेलनी भराभर एकेक बोट उचललं, फिरवलं, आणि दिवा हिरवा, हिरवा, हिरवा... सगळीच्या सगळी बोटं.

काल कोर्टातून फोन आला. पालक म्हणून माझ्याबद्दल सरकारची काही हरकत नाही. लगेच लॉनीला जाऊन सांगितलं.

तो म्हणाला, "बघू. विचार करून सांगतो."