गोठ्यावरचा भोंगा

(डिसेंबर २००९. ओतूरजवळच्या मळ्यातलं घर. अश्विनीचा मोबाईल स्पीकरवर टाकून नव्या टीव्हीशेजारी ठेवलेला. पलीकडून तिचा नवरा रविंद्र बोलतोय, पुण्याहून.)

अश्विनी : चित्र येतंय ओ, चित्राला काय धाड भरलीय? प्रतीक्षाताई बोहल्यावर हुब्या हायेत, वाजंत्री गाल फुगवून वाजवत्यात, भटजीचं तोंड हालतंय. पण आवाज म्हणून न्हाई. मुक्याचं लगीन लागल्यावानी दिसतंय.

रविंद्र : टीव्हीचा आवाज वाढवून बघितलास?

अश्विनी : शेवटापतोर न्हेला. रिमोटचं बटण झिजायचं आता.

रविंद्र : आणि एचडीएमआयची ती काळी वायर, दोन्हीकडं नीट बसलीय ना?

अश्विनी : वायर बसली नसती तर चित्र कुठनं आलं आसतं? तुमीच म्हणला व्हता, एकाच वायरीतनं चित्र बी जातंय आन् आवाज बी. मंग निम्मी वायर चालती आन् निम्मी बसून ऱ्हाती का?

रविंद्र : तसंच होतं कधीकधी. आवाज कुठल्या रस्त्यानं पाठवायचा ते कंप्युटरला सांगावं लागतं. लिनक्स आहे ते, न सांगता काही करत नाही.

अश्विनी : उद्या ताईची सासरची माणसं ओझरला दर्शन घेऊन जेवायला येत्यात. लग्नाच्या शूटिंगची शिडी बघायची हाय सगळ्यांना. मुकं लगीन दावलं तर विहीणबाई वरीसभर आमाला बोलतील.

धोंडाबाई : कुणाशी बोलती गं? रवीशी का?

अश्विनी : व्हय आत्या. आवाज दुरुस्त करत्यात.

रविंद्र : आई, कुठं निघालीस?

धोंडाबाई : कुठं म्हंजे? धारा काढाया. दिस बुडाया आला, गाय वरडून ऱ्हायली.

रविंद्र : बॅटरी घे. आणि घुंगराची काठी घे. चिमाजीकाकांच्या उसाला तोड लागलीय ना?

धोंडाबाई : लागलीय. आन् त्यांच्या उसातलं जनावर आता आपल्या उसात सरकलंय, ते बी ठावं हाय मला. दिवेलागणीला त्याचं नाव काढू नगं.

रविंद्र : मी कुठं नाव काढलं?

धोंडाबाई : काढशील म्हणून आदीच सांगितलं. परवा भिमाजीच्या वस्तीवरचं कुत्रं न्हेलं त्यानं. मला काय व्हतंय? तुझा बा बसलाय न्हवं भोंग्यात. त्येंनी दोन हाका मारल्या का सारं शिवार मोकळं व्हतंय. येती मी. आश्वे, पोरगी उठली तर दूध दे तिला.

अश्विनी : व्हय. कडी लावून घेती.

रविंद्र : गेली का?

अश्विनी : गेल्या. बादली न्हेली. काठी हितंच ऱ्हायली बघा दाराला.

रविंद्र : मग हाक मार की.

अश्विनी : आता ऐकू जातंय व्हय? वढ्याकाठच्या गोठ्याकडं उतरल्या बी. आन् काठी त्या कधीच न्हेत न्हाईत ओ. गोठ्यात जाऊन गव्हाणीला टेकून गप बसत्यात. मामांचा आवाज लागंस्तवर धारंला हात लावत न्हाईत. मामांनी 'हायेस ना?' म्हणून इचारलं की वरडून सांगत्यात, 'हाय, हाय, जात्ये कुठं?' मंग बादली घेत्यात. त्याआदी तोंडातनं सबूद न्हाई. हे रोजचं हाय. एखाद्या दिशी त्या भोंग्याशी भांडत्यात पण.

रविंद्र : मला ठाऊक आहे. ते मोबाईलवर रेकॉर्ड केलं तेव्हा मी आबांच्या शेजारीच उभा होतो. म्हटलं, जनावराला ऐकू जाईल असं बोला. तर ते आईलाच हाका मारत बसले. आबा जाऊन वर्ष झालं, आणि ती अजून उत्तर देती.

अश्विनी : आदी गाणी लावायचा तुमी, तीच बरी व्हती म्हणती मी. माझ्या तर आंगावर काटा येतोय.

रविंद्र : गाण्याला ते जनावर सरावलं ना. वर भोंगा गातोय आणि खालनं शेळी उचलून नेली. माणसाच्या बोलण्याला अजून भितं. पण आईला सांग, बसत जाऊ नको, उभं राहून वाट बघ. फॉरेस्टवाले सांगून गेलेत, खाली बसलेलं माणूस त्याला माणूस वाटत नाही.

अश्विनी : सांगून ऐकणाऱ्यातल्या हायेत का त्या? बरं, काय करू आता? अंधार व्हायच्या आत आटपा.

रविंद्र : काळी खिडकी उघड, जिच्यात टाईप करतात ती. टाईप कर, ए एल एस ए, मग मिक्सर. सगळं जोडून. एंटर.

अश्विनी : आलं. हुब्या पट्ट्या आल्यात, उसाच्या कांड्यावानी.

रविंद्र : उजवीकडच्या बाणानं शेवटच्या पट्टीवर जा. खाली काय लिहिलंय? एम एम दिसतंय का?

अश्विनी : व्हय, दोनदा एम.

रविंद्र : म्हणजे त्याचं तोंड बांधलंय. एम दाब.

अश्विनी : दाबलं. हिरवं झालं. लगीन लावू का?

रविंद्र : लाव.

अश्विनी : न्हाई ओ. मुकंच हाय.

रविंद्र : म्हणजे आवाज अजून जुन्या रस्त्यानं चाललाय, हिरव्या पिनेतनं, भोंग्याच्या मशीनकडं. मशीन बंद असंल म्हणून तुला कळलं नाही.

अश्विनी : मशीन आत्ताच चालू केलंय, आत्या जाताना. बाहेर वाजतंय का बघू? व्हय की. वाजंत्री गोठ्याकडं वाजती. आवं, ताईचं लगीन गाईला ऐकू चाललंय.

रविंद्र : आता आपण टेस्ट करू, त्यात खरखर येती मोठी. ती भोंग्यात गेली तर चिमाजीकाका काय झालं म्हणून पळत येतील. कंप्युटरच्या डब्याच्या मागची हिरवी पिन उपसून ठेव.

अश्विनी : उपसली. वाजंत्री गप झाली.

रविंद्र : आता मी सांगतो ते लिही. एकेक अक्षर सांगतो, घाई करू नको.

अश्विनी : थांबा जरा. आरं मोत्या, तू कुठं आत आला? हे कुत्रं बघा ओ, मागच्या दारानं आलं आन् सरळ खाटंखाली शिरलं. ए, भाईर हो. हात लावला तर दात दावतंय.

रविंद्र : थंडी असंल. मागचं दार लाव.

अश्विनी : लावलं. टिटवी लई वरडाय लागलीय वढ्याकडं. हां, सांगा.

रविंद्र : स्पीकर, मधे आडवी रेघ, टेस्ट. मग जागा सोडून रेघ आणि डी. मग हार्डवेअरचं एच डब्ल्यू, टिंबावर टिंब, शून्य, स्वल्पविराम, तीन. शून्य म्हणजे कार्ड, तीन म्हणजे एचडीएमआयचं दार.

अश्विनी : शून्य, तीन. एंटर मारलं. आलं! आलं ओ, टीव्हीतनं खरखर आली. पोरगी दचकली झोळीत.

रविंद्र : बघ. म्हणजे रस्ता आहे, फक्त त्याला ठाऊक नव्हता. कंट्रोल धरून सी दाब, खरखर थांबंल. आता हेच कायमचं करू. एक फाईल करायची आणि तिच्यात दोनच ओळी. पहिलीत कार्ड शून्य, दुसरीत डिव्हाईस तीन. सांगतो तसं लिही.

अश्विनी : लिव्हलं. सेव्ह केलं.

रविंद्र : लाव आता लगीन.

अश्विनी : आगं बया. मंगलाष्टका चालल्यात. सनई किती ग्वाड वाजती. आवं, ताईच्या सासूचं खोकणं बी ऐकू येतंय मंडपातलं.

रविंद्र : झालं तर मग. आता ह्या कंप्युटरमध्ये कुणी काहीही लावलं, तरी आवाज टीव्हीतनंच येणार. डोक्याला ताप नाही.

अश्विनी : लई शानं हाय माझं माणूस. उद्या विहीणबाईंना पुढच्या खुर्चीत बसवती. बरं, आत्यांना काय निरोप? आरं देवा.

रविंद्र : काय झालं?

अश्विनी : ऐका.

आबांचा आवाज : रवीचे आये... ए, रवीचे आये. आंधार पडला गं.

अश्विनी : मामा. टीव्हीतनं येतंय ओ. किती सपष्ट, हितं खाटंवर बसून बोलल्यावानी. श्वास बी ऐकू येतोय.

रविंद्र : दिवेलागणीला कंप्युटरवर आपोआप लागतं ते. मीच लावून ठेवलंय. जरा गप बस, ऐकू दे मला. असं नीट मी रेकॉर्ड केल्यापासनं कधी ऐकलंच नाही.

आबांचा आवाज : हायेस ना? आगं, बोल की.

रविंद्र : अश्विनी.

अश्विनी : काय?

रविंद्र : आबा टीव्हीत बोलत्यात.

अश्विनी : व्हय, तेच तर सांगती.

रविंद्र : मग गोठ्यात कोण बोलतंय?

अश्विनी : आई गं.

रविंद्र : खिडकी उघड. गोठा दिसतो का?

अश्विनी : अंधार झाला. पत्रा तेवढा दिसतोय. दिवा न्हाई आत. बॅटरी बी लागलेली न्हाई.

रविंद्र : हाक मार. मोठ्यानं.

अश्विनी : आत्या! ओ आत्या! ...न्हाई ओ. त्या मामांच्या आदी कुणालाच उत्तर देत न्हाईत. गव्हाणीला टेकून बसल्या आसतील, वाट बघत. टिटवी गप झालीया.

रविंद्र : मी ऑफिसातल्या फोनवरनं चिमाजीकाकांना लावतोय. तू बाहेर पडू नको, पोरगी आहे आत. थाळी वाजव खिडकीत.

अश्विनी : वाजवती... आत्या!... थाळीचा आवाज तिकडं जातोय का न्हाई, काय कळंना. उसाच्या अंगाला काय तरी हाललं. वारा न्हाई ओ, आन् पाचट हाललं.

रविंद्र : काका उचलत नाहीत. अश्विनी, माझं ऐक. आबांना परत भोंग्यात पाठवायचं. ती दोन ओळींची फाईल उघड. तीनच्या जागी शून्य कर.

अश्विनी : कुठली फाईल? लग्नाचीच खिडकी पुढं येती.

रविंद्र : लगीन बंद कर. बाकी काही बघू नको. फाईल.

आबांचा आवाज : म्या हाय हितंच. भिऊ नगं.

अश्विनी : ह्यांना गप करा आदी. मला सुचंना. घावली. तीन खोडला. शून्य लिव्हलं.

रविंद्र : सेव्ह. आता काळ्या खिडकीत किल-ऑल लिही, मग प्लेअरचं नाव. म्हणजे आबा थांबतील. मग परत लाव, डेस्कटॉपवर 'आबा' नावाचं चित्र आहे त्याच्यावर दोनदा दाब.

अश्विनी : थांबले. लावले परत. टीव्ही गप हाय.

रविंद्र : गप आहे ना? देवा. भोंगा ऐकू येतो का?

अश्विनी : न्हाई. काय म्हंजे काय न्हाई. गाय वरडली. तसं कधी वरडत न्हाई ती. आवं, काय करू?

रविंद्र : हिरवी पिन. अश्विनी, हिरवी पिन तू उपसलीस. मीच उपसायला लावली. घाल ती, डब्याच्या मागं, हिरव्या भोकात.

अश्विनी : मागं अंधार हाय. भोकं तीन हायेत, रंगच दिसंना. हे न्हाई. हे बी न्हाई. बादली पडली ओ तिकडं. बादलीचा आवाज आला.

रविंद्र : मधलं असंल. मधलं घाल.

अश्विनी : बसली. ...लागला. भोंगा लागला. ऐकू येतंय का तुमाला?

रविंद्र : येतंय. लांबनं येतंय. फोन खिडकीत धर. आता काही बोलू नको. आता ते विचारतील.

आबांचा आवाज : रवीचे आये... आंधार पडला गं. हायेस ना?

रविंद्र : काय म्हणाली?

अश्विनी : गाय अंगणात आलीया. गळ्यात तुटकं दावं हाय.

रविंद्र : ते राहू दे. आई काय म्हणाली?

अश्विनी : थांबा ओ. म्हणत्याल. रोज म्हणत्यात.

आबांचा आवाज : आगं, बोल की. म्या हाय हितंच.