पिवळ्या चिठ्ठीचा चौथा रकाना

जबाब देणार: वायरमास्तर. सगळे याच नावाने ओळखतात. कागदोपत्री नाव ठाण्याच्या वहीत वेगळे घेतले आहे. वय चोपन्न. धंदा: दुकाने, दवाखाने व शाळांत नेटवर्कच्या केबल टाकणे, शिवाय आठवड्यातून दोन दिवस शाळेत तोच विषय शिकवणे. शिक्षण: आठवीपर्यंत वर्गात, पुढचे तारांच्या खांबावर. राहणार: बाजारामागची गल्ली, बेकरीच्या वरचा मजला.

आज सोमवारी सकाळी सव्वाअकरा वाजता, कोणी बोलावलेले नसताना, मी आपल्या पायांनी ठाण्यात येऊन अंमलदारांसमोर सांगतो ते असे. माझे बोलणे माझ्याच शब्दांत घ्यावे अशी विनंती केली, ती त्यांनी मान्य केली. शिव्या वगळल्या आहेत.

मी शिकवतो त्या शाळेचे सगळे नेटवर्क चार वर्षांपूर्वी मीच टाकले. तळमजल्यावर जिन्याखाली जाळीचे कपाट आहे. त्यात दोन स्विच आहेत, म्हणजे जिथे सगळ्या वायरी येऊन मिळतात त्या पेट्या. वरची कार्यालयाची, खालची मुलांच्या संगणक खोलीची. दोन्हींमध्ये एकही वायर नाही, असे काम मी मुद्दाम केले होते. मुलांचा हात कार्यालयाच्या कागदांपर्यंत पोचू नये हा हेतू. कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवला: ‘या दोन पेट्या एकमेकींना जोडू नयेत. अडचण आल्यास मला फोन करावा.’ कपाटाची किल्ली शाळेच्या मोठ्या कारकुनांकडे असते. दुसरी किल्ली नाही. माझ्याकडेही नाही.

दोन वर्षांपूर्वी मुख्याध्यापकांनी मला बोलावले. म्हणाले, “मास्तर, वरच्या वर्गांना नेटवर्क आणि सायबर सुरक्षा तुम्ही शिकवा.” मी म्हटले, “साहेब, मी आठवी शिकलेला माणूस.” ते म्हणाले, “ते कोण विचारतंय? माहितीपत्रकात छापून झालंय.” मी हसलो आणि हो म्हटले. शिकवायला लागलो आणि गोडी लागली हेही खरे.

माझ्या वर्गाचे दोन नियम आहेत. पहिला, स्वतः बनवलेल्या प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना स्वतःच्या नावाची पट्टी लावायची. वायर चालली नाही तर कोणाची ते कळते, आणि चालली तरी कळते. तपासून झालेल्या व न झालेल्या सगळ्या वायरी संगणक खोलीतल्या खोक्यात पडलेल्या असतात.

दुसरा नियम पिवळ्या चिठ्ठीचा. मी खांबावर काम करायचो तेव्हा दुसऱ्याची वायर सैल दिसली तर तिला हात लावायचा नाही अशी आमची रीत होती. तिथे पिवळी पट्टी बांधायची, पट्टीवर आपले नाव घालायचे आणि मालकाला जाऊन तोंडी सांगायचे. वर्गात मी त्याची चिठ्ठी केली. काय दिसले, केव्हा दिसले, कोणत्या यंत्रावरून दिसले, आणि चौथा रकाना: किती आत गेलात. खाली नाव, सही. चौथा रकाना खांबावर नव्हता. तो मी घातला. पोरांना खरे बोलायची सवय लागावी म्हणून घातला.

ज्या विद्यार्थिनीविरुद्ध शाळेने तक्रार दिली आहे तिला वर्गात टाचणी म्हणतात. अंगाने तशी, बोलण्यातही तशी. वय सोळा. तिची आई रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरी धुते. टाचणी माझ्या वर्गात दोन वर्षे आहे. तिची वायर पहिल्या फटक्यात चालते. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही. याचा पुढे संबंध आहे.

गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी मी शिकवत असताना मागच्या भिंतीजवळचा प्रिंटर आपोआप सुरू झाला. वर्गातल्या कोणीही छपाई दिली नव्हती. कोणीतरी म्हणाले, “भूत!” मी म्हटले, “भुताला म्हणावं कागद घरून आण.” सगळे हसले. पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या मंगळवारीही. माझे कान तिखट आहेत. पंख्याच्या आवाजावरून मी स्विच आजारी आहे की नाही ते सांगतो, गिऱ्हाईक गमतीने मला वैद्य म्हणतात. तो प्रिंटर मी तिन्ही वेळा ऐकला आणि तिन्ही वेळा हसण्यावारी नेला. टाचणी तेवढी तिसऱ्या वेळी उठून गेली, कागद बघितला आणि म्हणाली, “मास्तर, हे कार्यालयाचं पत्र आहे. ते इथे कसं आलं?” मी म्हटले, “बस गं, धडा संपू दे.” ही माझी चूक आहे. ठळक लिहा म्हटले तर अंमलदार म्हणाले, ठळक लिहायची सोय नाही.

या महिन्याच्या चार तारखेला, मंगळवारीच, मी वर्गाला यंत्रांची हजेरी घ्यायला सांगितले. आपल्या नेटवर्कवर कोणकोणती यंत्रे ‘हजर’ म्हणतात ते मोजायचे, एवढाच तो धडा. खोलीत प्रिंटर धरून पंचवीस यंत्रे आहेत. बहुतेकांनी पंचवीस लिहून दिले, कारण मोजायच्या आधीच त्यांना उत्तर माहीत होते. टाचणीने बत्तीस लिहिले. मी म्हटले, “पुन्हा मोज.” ती म्हणाली, “तीनदा मोजलीत. सात जास्तीची आहेत, मास्तर, आणि त्यातल्या एकाला कुलूपच नाही.” तेवढ्यात घंटा झाली आणि मला दवाखान्यात कामाला जायचे होते. मी म्हटले, “चिठ्ठी लिही, मालकाला दे.” हे माझे शब्द आहेत. ती आपल्या मनाने गेली नाही, मी पाठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊ वाजता तिने चिठ्ठी मुख्याध्यापकांच्या हातात दिली. चिठ्ठीची प्रत शाळेनेच तक्रारीला जोडली आहे. मजकूर असा: कार्यालयातल्या एका यंत्रावरचे फोल्डर पासवर्ड न मागता उघडते, त्यात समुपदेशक बाईंच्या नोंदी आहेत. चौथ्या रकान्यात लिहिले आहे: ‘एक पान उघडले. काय आहे ते कळल्यावर लगेच बंद केले.’

समुपदेशक बाईंपाशी मुले काय सांगतात ते मी इथे लिहून देत नाही. कोणाला घरी मार पडतो, कोणाचे घरात कोणाशी बोलणे नाही. चारशे मुलांचे तसले कागद महिनाभर तरी उघड्यावर होते आणि कोणालाही बघता आले असते. बघून गप्प कोण बसले ते आपल्याला कधी कळणार नाही. जिने येऊन सांगितले तिचे मात्र नाव, वेळ, सही, सगळे हाताशी आहे.

मुख्याध्यापकांनी तिला खोलीत एक तास उभे केले. दार लोटलेले होते, बंद नव्हते. मी दवाखान्याचे राहिलेले काम सकाळीच उरकून येऊन बाहेरच्या बाकावर होतो. आतले बोलणे मी या कानांनी ऐकले. ते म्हणाले, “पान कोणाचं होतं?” ती म्हणाली, “ते नाही सांगणार, सर.” ते म्हणाले, “माझ्यापासून लपवतेस?” ती म्हणाली, “ते कोणाला कळू नये म्हणून तर चिठ्ठी दिली.” पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. मी आत शिरलो तेव्हा मुख्याध्यापक मला म्हणाले, “मास्तर, तुम्ही आमच्याकडे चोर तयार करताय.” यावर मी जे बोललो ते वगळलेल्या भागात आहे.

त्याच संध्याकाळी शाळेने जाळीचे कपाट उघडले. दोन्ही पेट्यांमध्ये एक आखूड लाल वायर जोडलेली निघाली. तिच्या दोन्ही टोकांना टाचणीच्या नावाची पट्टी होती. शुक्रवारी तक्रार झाली: विद्यार्थिनीने स्वतःची वायर लावून कार्यालयात चोरवाट काढली, मुलांचे गुप्त कागद वाचले, आणि पकडले जाण्याच्या भीतीने स्वतःच लेखी कबुली दिली. तिचे परीक्षेचे प्रवेशपत्र अडवले आहे. परीक्षा उद्या सकाळी दहाला सुरू होते. तांत्रिक विद्यालयाची जागा याच परीक्षेवर मिळते आणि तिथे पोलिसांत नोंद असलेल्यांना घेत नाहीत.

काल दुपारी तिची आई माझ्याकडे आली. पाळी संपवून तशीच आली होती, हात सोड्याने पांढरे पडलेले. बसली नाही. म्हणाली, “मास्तर, तुम्ही सांगितलंत खरं लिही, तिनं लिहिलं. आता तुम्ही बोला.” एवढे बोलून गेली. म्हणून मी आलो आहे.

अंमलदारांनी पाणी दिले. प्यायलो. पुढे सांगतो.

अंमलदार म्हणाले, “मास्तर, तुमचं सगळं बरोबर. पण वायर तिची, नाव तिचं. मी काय करू?” मी म्हटले, “कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली कारकुनांकडे आहे.” ते म्हणाले, “मग विचारतो वायर कोणी लावली.” मी म्हटले, “तसं विचाराल तर कोणीच लावलेली नसेल. पहिल्या वायरी का चालल्या नाहीत, ते विचारा.” खोक्यात निम्म्याहून जास्त वायरी कच्च्या असतात. न तपासता हात घालणाऱ्याला पहिल्याच खेपेला चालणारी मिळणे अवघड, हा माझा हिशेब होता.

बारा वाजून दहा मिनिटांनी अंमलदारांनी माझ्यासमोर शाळेत फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला. मोठे कारकून फोनवर आले. अंमलदार गोड आवाजात म्हणाले, “भाऊसाहेब, ते कार्यालयाचं प्रिंटिंग मुलांच्या संगणक खोलीत नेताना तुम्हाला फार त्रास झाला म्हणे? वायरी चालत नव्हत्या?” कारकून एकदम मोकळे झाले. म्हणाले, “अहो, त्रास म्हणजे काय! आमचा प्रिंटर बिघडलेला, पत्रं अडलेली. खोक्यातल्या दोन वायरी लावल्या, दोन्ही मेलेल्या. पोरांना काय शिकवतात कोण जाणे. तिसरी तेवढी चालली.” अंमलदारांनी विचारले, “तिसरी लाल होती का हो?” फोनमधून खुर्ची सरकल्याचे ऐकू आले. मग मुख्याध्यापकांचा आवाज आला, “फोन ठेवा.” तो कारकुनांसाठी होता. फोन ठेवला गेला.

म्हणजे वर्गात सगळ्यांत चांगली वायर तिची, म्हणून तिचे नाव त्या कपाटात गेले. बाकीच्यांसारखी कच्ची बनवली असती तर आज ती घरी अभ्यास करत बसली असती. हे वाक्य जबाबात कशाला, असे अंमलदारांनी विचारले. राहू द्या म्हटले.

माझी मागणी अशी की टाचणीचे नाव आरोपीच्या जागेवरून काढून खबर देणारीच्या जागी घ्यावे व शाळेला तसे आजच लेखी कळवावे. दोष लावायचाच तर लाल वायर जोडणाऱ्याला लावा आणि प्रिंटर ऐकून हसणाऱ्याला लावा. दुसरा माणूस समोर बसला आहे.

आणखी एक. मी ज्या बाकावर तासाभरापासून बसलो आहे तिथून ठाण्याच्या संगणकाचा पडदा दिसतो. पडद्याच्या कडेला पासवर्ड लिहिलेला कागद चिकटवलेला आहे. मी खिशातली पिवळी चिठ्ठी काढून रकाने भरले. चौथ्यात लिहिले: ‘बसल्या जागेवरून वाचला. आत गेलो नाही.’ टाचणी व तिची आई तोवर अंमलदारांनी बोलावल्यावरून आत येऊन बसल्या होत्या. टाचणीने चिठ्ठीवर नजर टाकली आणि म्हणाली, “मास्तर, वेळ राहिली.” मी वेळ टाकली, बारा पंचवीस. सही केली. “मलाही दिसलाय तो कागद,” असे म्हणून तिने पेनासाठी हात पुढे केला. तिच्या आईने तिचे मनगट धरले.

मी चिठ्ठी अंमलदारांना दिली. त्यांनी ती वाचली, उठले, कागद सोलून खिशात घातला आणि म्हणाले, “बरं झालं सांगितलंत.” हे वाक्य जबाबात घ्यावे असा मी आग्रह धरला. ते म्हणाले, “याचा काय संबंध?” मी म्हटले, “संबंध नसेल तर माझ्यावरही गुन्हा नोंदवा. मीही नाव, वेळ आणि सही दिलेली आहे.” त्यांनी मुलीकडे पाहिले. आईने अजून तिचे मनगट सोडलेले नव्हते. मग त्यांनी शाळेला द्यायच्या पत्राचा कागद पुढे ओढला, आणि ते वाक्य जबाबात वर आहे तसे घेतले.

वरील सर्व अंमलदारांनी मोठ्याने वाचून दाखवले, नंतर मी चष्मा लावून स्वतः वाचले. दोन ठिकाणी ‘आरोपी मुलगी’ असे पडले होते, तिथे ‘आरोपी’ खोडून शेजारी मी व अंमलदारांनी सही केली आहे. बाकी मजकूर मी बोललो तसाच आहे. वेळ दुपारी एक वाजून पाच मिनिटे.