झिलीबिगर

अणदूरच्या एसटी थांब्यावर गाडीची वाट बघणाऱ्या प्रमोदिनीबाईंच्या मागंच दोघांची जुंपली होती.

“सखूबाई, तुमच्या नवऱ्यानं, बिरूनं मरायच्या आधी करारावर अंगठा दिलाय. त्याच्या ओव्या आता रेकॉर्ड कंपनीच्या. जत्रेत तुम्ही त्या गायच्या नाहीत.”

“मॅनेजरसायेब, मालकानं अंगठा दिला, गळा न्हाय.”

“बरं, रेकॉर्डवर ओवी अर्धीच आहे. उरलेली तुम्ही यंत्रापुढं म्हणा, मग परवानगी देतो.”

“अर्धी का, ठाव हाय? मागं झील धरनारं, सूर ओढनारं कुनी न्हवतं. झिलीबिगर देवाचं नाव घ्यायचं न्हाय, ही आमची रीत.”

“मग कोर्टात यावं लागेल!”

गाडी आली, तरी प्रमोदिनीबाई जागच्या हलल्या नाहीत.

“येते की, मॅनेजरसायेब! तितं पैल्यापासनं आख्खी ओवी म्हनते. जज्जसायबाला मातर मागं झील धराया बशिवते.”